पाहून सांगतो

माझ्या वर्गात एकदा नांगर आला होता. चित्रातला नव्हे, खराखुरा, फाळाला ओली माती लागलेला, जू आणि दोरांसकट. तो बैलबंडीतून उतरवून आठवीच्या वर्गात आणणारा विद्यार्थी पंचावन्न वर्षांचा होता. मुख्याध्यापक धावत आले आणि हा काय प्रकार म्हणून विचारू लागले. मी म्हणालो, "शैक्षणिक साहित्य." ते नांगराभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "नोंदवहीत लिहा."

या विद्यार्थ्याचं नाव ऋषी. चंद्रपूरकडच्या झाडी मुलखात, सिंदेवाहीच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर आमची शाळा होती आणि शाळेला लागूनच त्यांची भातखाचरं होती, तिकडच्या भाषेत धानाच्या बांध्या. ऋषिपंचमीला जन्मले म्हणून ऋषी. त्या मुलखात हे नाव इतकं आहे की बाजारात एक हाक मारली तर चौघं वळून बघतात. म्हणून ओळखीला पुढे काहीतरी जोडावं लागतं. यांना 'लंगडे ऋषीभाऊ' म्हणत. लहानपणी धानाच्या रोवणीच्या चिखलात रेड्यानं पायावर पाय दिला होता, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे. तोंडावर लंगडे म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. "तीन ऋषी धडधाकट हायेत गावात, मग मले दुसरं काय म्हनन लोक?" असं वर विचारत.

मी मूळचा वाईचा. संस्कृत शिकवायला म्हणून या भागात आलो, दोन वर्षांत बदली करून घेईन असं घरी सांगून निघालो आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो. संस्कृत हा पोरांनी मार्क मिळवायचा विषय असतो आणि शिक्षकानं पगार मिळवायचा, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यामुळे एक दिवस ऋषीभाऊ शिक्षकांच्या खोलीच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि "सर, तुमच्याकडं पराशर हाय का?" असं विचारू लागले, तेव्हा पराशर मला कुणाचा तरी पोरगा वाटला.

"कितवीत आहे?" मी विचारलं.

"ऋषी होता जी तो."

"ऋषी तर तुम्ही ना?"

"मी गावातला. तो पुरानातला."

शेतकऱ्यांच्या कुठल्याशा मेळाव्यात एका वक्त्यानं ओझरतं सांगितलं होतं की फार पूर्वी पराशर नावाच्या ऋषींनी शेती कशी करावी यावर श्लोक लिहून ठेवलेत. वक्ता एवढं बोलून चहाला गेला. ऋषीभाऊ मात्र तिथंच अडकले. ऋषी म्हटला की तप करणारा, शाप देणारा, दाढीवाला. तो नांगराबद्दल कशाला बोलेल? त्यांनी पुजाऱ्याला विचारलं, ग्रामसेवकाला विचारलं आणि तिसरा नंबर माझा लागला.

मी नागपूरच्या एका ग्रंथालयातून ती पोथी मिळवली, तिच्या झेरॉक्स काढल्या. अडीचशेच्या आसपास श्लोक होते. मी म्हणालो, रविवारी या, अर्थ सांगतो.

"अर्थ नका सांगू," ते म्हणाले. "वाचाले शिकवा. दुसऱ्याच्या तोंडून आयकलं का ते त्याचं होते. मले पयल्या अक्षरापासून शेवटल्या अक्षरापर्यंत माह्या डोयानं वाचाचं हाय."

एवढीच त्यांची मागणी होती. नंतरच्या काही वर्षांत मी त्यांना दुसरं काही मागताना पाहिलं नाही.

अशा रीतीनं ते आठवीच्या वर्गात, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले. खिडकीजवळ अशासाठी की तिथून त्यांचे बैल दिसत. पोरं आधी खिदळली, मग सरावली, आणि पुढं पुढं तर गृहपाठ त्यांच्या वहीतून उतरवू लागली. पाठांतर उत्तम. उच्चारांचा मात्र सगळा आनंदीआनंद. 'ण' त्यांच्या तोंडात टिकत नसे आणि अनुस्वार तर ते सरसकट गिळून टाकत. मी वैतागून दर ओळीला ओरडायचो, "ऋषीभाऊ, अनुस्वार राहिला!" ते शांतपणे म्हणायचे, "येवढ्याश्या टिंबानं का होते जी?" मग मी त्या टिंबामुळे कर्ता कर्म कसं होतं आणि खाणारा खाल्ला जाणारा कसा होतो ते सांगायचो. ते विचारात पडायचे. "मंग तं बैलाच्या गयातल्या घंटीसारखं हाय. बारकी रायते, पन ते नसली तं बैल सापडत नाई."

माझ्या व्याकरणाच्या पुस्तकांत याहून चांगलं काही नव्हतं, पण मी तेव्हा तसं कबूल केलं नाही.

त्यांची वाचायची पद्धत माझ्या उभ्या नोकरीत मी दुसरीकडे पाहिली नाही. एक श्लोक लागला की झेरॉक्समध्ये धानाची लोंबी खुणेला ठेवायची, कागद दुमडून बंडीच्या खिशात घालायचे आणि उठायचं. "कसा वाटला?" मी विचारायचो. उत्तर ठरलेलं, "पाहून सांगतो, सर." आणि खरोखरच पाहायला जायचे. मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की पाऊस जवळ आला असं पराशर म्हणतात, तर हे धुऱ्यावर म्हणजे बांधावर उकिडवे बसून मुंग्या पाहणार. पौषात काठीला फडकं बांधून वारा कुठून येतो ते पाहावं, म्हणजे वर्षाचा पाऊस कळतो असं म्हणतात, तर यांच्या बांधीत महिनाभर गिरजाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फडफडत राहणार. मग आठवड्यानं, महिन्यानं, कधी वर्षानं निकाल यायचा. "मुंग्यायचं बरोबर हाय." किंवा, "वाऱ्याचं आपल्याकडं चालत नाई. त्यायच्याकडं चालत असन." असं सांगून श्लोकासमोर समासात बरोबरची किंवा फुलीची खूण करायचे. ऋषींचा पेपर तपासणारा असा परीक्षक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गिरजाबाई म्हणजे त्यांची बायको. घरी गेलं की त्या चहा ठेवत आणि तक्रार मांडत. "गुर्जी, त्या पराशराले एकदाचं जेवाले तरी बलवा. रोज आमच्या घरी त्याचंच चालते. भाजीत मीठ जास्त झालं तरी हे म्हंते, पराशरानं असं नाई सांगतलं."

"त्यायनं मिठाचं लिवलंच नाई," ऋषीभाऊ गंभीरपणे म्हणत. "मी शोधलं."

नांगर वर्गात आला तो एका शब्दामुळे. पराशरांनी नांगराचे आठ भाग नावानिशी आणि मापानिशी सांगितलेत. त्यातला एक शब्द 'अड्डचल्ल'. माझ्या शब्दकोशात त्याचा अर्थ दिलेला होता, 'नांगराचा एक भाग'. मी तोच मोठ्या अधिकारानं सांगितला.

"कोनता भाग?"

"एक भाग."

"सर, नागराच्या दुकानात जाऊन मी 'एक भाग द्या' म्हनलं तं तो का देईन?"

पोरं हसली. दुसऱ्या दिवशी नांगर आला. ऋषीभाऊंनी एकेका लाकडावर बोटं टेकवून मापं घ्यायला सुरुवात केली. पोथीत या शब्दापुढे बारा अंगुळं लिहिलेलं. इसाड मोठं, रुमणं मोठं, फाळ लोखंडाचा. शेवटी त्यांनी जुवातली खुंटी उपसली. बैलाची मान जुवाखाली अडकून राहावी म्हणून दोन्ही बाजूंना खुंट्या घालतात, तिला शिवळ म्हणतात. तिच्यावर त्यांनी बोटं ठेवली. चार, आठ, बारा. बरोबर टोकाला संपली.

"शिवळ!" ते असे ओरडले की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास थांबला. "अड्डचल्ल म्हंजे आपली शिवळ! नाव बी कसं झाडीतलंच वाटते."

ते खरं की खोटं, हे विद्वान ठरवतील. मी मात्र त्या दिवशी शब्दकोशात पेन्सिलीनं 'शिवळ' असं लिहून ठेवलं आणि पुढची सगळी वर्षं तेच शिकवलं.

पोथीत गुंतले तसे ते पोथीवाल्यातही गुंतले. पराशरांची गोष्ट त्यांनी माझ्याकडून तुकड्या-तुकड्यानं काढून घेतली. जन्मापूर्वीच बाप गेला, आजोबा वसिष्ठांनी वाढवलं, बापाला राक्षसानं खाल्लं हे कळल्यावर सगळे राक्षस जाळायला निघाला आणि आजोबांनी समजावल्यावर थांबला. हे थांबणं ऋषीभाऊंना फार आवडलं. "रागावनं सोपं हाय. पेटलेला जाय हातानं इझवनं कठीन," ते म्हणाले. आणि पराशर एका पायानं लंगडत असं मी सांगितलं त्या दिवशी तर ते बाकावरून उठून उभेच राहिले.

"कोनता पाय?"

ते मला माहीत नव्हतं.

"डावाच आसन," असं स्वतःच ठरवून ते लंगडत, पण अगदी ऐटीत घरी गेले. तेव्हापासून पराशर त्यांच्यासाठी 'आपला मानूस' झाला.

गावाच्या तलावावर ढिवरांची वस्ती होती. तिथली शेवंताबाई, मासे विकणारी, तोंडानं तिखट. नदीवर होडी वल्हवणारी कोळ्याची पोर पराशरांना भेटली, त्यांनी भोवती धुकं उभं केलं आणि पुढं त्यांचा मुलगा मोठा ग्रंथकार झाला, ही कथा ऋषीभाऊंनी तिला सांगितली. त्यांना वाटलं ती खूश होईल. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग तो आमचा जावई झाला. आन् ऋषीभाऊ, त्या जावयानं पोरीले डोंग्यात बसवलं, काम झालं आन् गेला तपाले. एका दिवाळसणाले बी आला नाई. भेटला तं सांग, शेवंता वाट पाहून राह्यली." तेव्हापासून पौषात तलावावर धुकं उतरलं की वस्तीतल्या बाया एकमेकींना "जावई आला वं" म्हणत.

सगळेच श्लोक असे हसण्यावारी गेले नाहीत. एका श्लोकात पराशर बैलांची संख्या सांगतात. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा चालण्यासारखा, चारांचा निर्दयाचा, आणि दोन बैलांचा नांगर चालवणारा म्हणजे गाय खाणाराच. ऋषीभाऊंनी तो श्लोक स्वतः लावला. त्यांच्या गोठ्यात दोनच बैल होते आणि पोरांपेक्षा लाडके होते. त्या दिवशी ते 'पाहून सांगतो' म्हणाले नाहीत. लोंबी खुणेला ठेवली नाही, कागद बाकावरच राहिले. आठ दिवस त्यांचा बाक रिकामा होता. मला त्या ऋषींचा मनापासून राग आला.

नवव्या दिवशी सकाळी आले. "मेळ बसला, सर. आठ बैलानं दिवसभर वायचं तं दोन बैलानं पाव दिवस. ऊन चढलं का सोडून द्याचं. आता मी तसंच करतो."

नांगरणी लांबली, शेजारी हसले, गिरजाबाई चिडल्या, पण ऊन चढलं की त्यांचे बैल झाडाखाली दिसू लागले. पुढं काही महिन्यांनी पराशरांच्याच नावावर असलेला दुसरा एक ग्रंथ चाळताना माझे हात थांबले. तिथं सरळ लिहिलं होतं की आठ बैल पूर्ण दिवस, चार बैल दुपारपर्यंत आणि दोन बैल दिवसाचा चौथा हिस्सा. मी त्यांच्या बांधीपर्यंत धावत गेलो. ते चिखलात उभे होते. ऐकून घेतलं आणि नुसतं म्हणाले, "म्या सांगतलं नाई का तुमाले? आपला मानूस हाय."

खरं तर विद्वान लोक म्हणतात की हे दोन पराशर एकच होते असं नाही आणि शेतीची पोथी बरीच नंतरची असावी. मी प्रामाणिकपणे त्यांना हेही सांगितलं. मला वाटलं, हिरमुसतील.

"म्हंजे कोन्या शेतकऱ्यानंच लिवली," ते म्हणाले. "त्यानं आपलं नाव टाकलं असतं तं कोन वाचलं असतं? टाकलं ऋषीचं नाव. हुशार होता बापा."

तोवर ते स्वतःही लिहू लागले होते. प्रत्येक तपासून झालेला श्लोक झाडीबोलीत दोन-तीन ओळींत उतरवायचे. दोनशे पानी वही, वर कव्हर, कव्हरवर नाव फक्त 'पराशर'. "तुमचंही घाला," मी म्हणालो. ते म्हणाले, "माह्यं नाव ऋषीच हाय. त्यात आलं."

एक उतारा मात्र त्यांचा स्वतःचा होता. धानावर कीड आली तर देवाच्या नावानं किडीला हुकूमपत्र लिहून शेताच्या कोपऱ्यात बांधावं, असं पोथी सांगते. ऋषीभाऊंना पटलं, पण एक अडचण होती. "आमच्या तुडतुड्याले संस्कृत कुठी येते?" म्हणून त्यांनी झाडीबोलीत चिठ्ठी लिहिली आणि काठीला बांधली. मी ती वाचली आहे. 'तुडतुडे मंडळीले ऋषीचा रामराम. तुमी आमच्या बांधीत आले, बसले, खाल्ले. आता पावने म्हनून चार दिवस ठीक हाय, पन तुमी तं घरच मांडून राह्यले. समजदारानं निंगावं. नाई तं उद्या सकायी फवारा मारतो, मंग आमाले नाव नका ठेवू.'

दुसऱ्या सकाळी त्यांनी खरंच फवारा मारला. तुडतुडे गेले. वहीत लिहिलं, 'चिठ्ठी बी लावली, फवारा बी मारला. कोनामुळं गेले पाहून सांगतो.'

हे सगळं असं मजेत चाललं असताना त्यांची लोंबी एका श्लोकावर तीन आठवडे अडकून राहिली. मला वाटलं, पाहायला अवघड काही आलं असेल. मग लक्षात आलं की ते कागद नाकाशी धरतात, तिरका करतात, खिडकीत नेतात. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय. चालणं-फिरणं, बैल, माणसं दिसत राहतील. बारीक अक्षर जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. पोथीचे अकरा श्लोक राहिले होते.

"मी वाचून दाखवतो," मी म्हणालो. "अकराच तर आहेत."

"नाई जी."

"तुम्ही डोळे मिटून ऐका, मग—"

"सर, दोनशेच्या वर म्या वाचले. शेवटले अकरा तुमचे झाले तं अख्खी पोथी तुमची होईन." ते हसत बोलले आणि कागद दुमडू लागले. मला खूप वाईट वाटलं. मी भिंग आणलं, झेरॉक्स मोठी करून आणली, मग आणखी मोठी. एकेक कागदावर एकेक शब्द आला तरी मधोमध धूर बसल्यासारखा दिसतो म्हणाले. आठ दिवस गेले आणि मग मलाही काही सुचेना.

तोडगा गिरजाबाईंनी काढला, तोही रागानं. धान कापून झालं होतं, चुरणीसाठी, म्हणजे मळणीसाठी, घराजवळचं गावाचं खळं नुकतंच शेणानं सारवलं होतं. मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. ऋषीभाऊ अंगणातून चालताना गिरजाबाईंच्या रांगोळीवर पाय न देता वळसा घालून गेले. त्या ओरडल्या, "रांगोरी दिसते न तुमाले? मंग त्या पराशराले सांगा, रांगोरीयेवढं लिव म्हना!"

मी ओसरीवरून उठलोच. घमेलंभर चुना कालवला आणि खळ्यावर सुपाएवढं एकेक अक्षर काढत उरलेल्यांतला पहिला श्लोक लिहिला. बत्तीस अक्षरांना माझी कंबर मोडली. ऋषीभाऊ काठावर उभे राहिले, मान जरा तिरकी केली, आणि पहिल्या अक्षरावर चालत गेले. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, अक्षर म्हणायचं. लंगडत लंगडत त्यांनी अख्खा श्लोक वाचला. शेवटच्या अक्षरावर पोचल्यावर टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "पाहून सांगतो."

पोथीचा शेवट खळ्याचाच आहे. मधली मेढ कुठल्या लाकडाची असावी, धान कसं मोजावं, कोठीत कसं ठेवावं. खळ्यावरच खळं वाचणं चाललं होतं. दर रविवारी सकाळी दोन श्लोक, कधी तीन. वाचून झालं की गिरजाबाई सारवायच्या, म्हणजे मी पुढचा लिहायला मोकळा. वही आता मी लिहायचो, ते सांगायचे. "म्हनलं तसंच लिवा, सर. पुन्याचं करू नका." मी वाईचा आहे हे सांगून काही उपयोग नव्हता. गावाची चुरणी आमच्यासाठी महिनाभर थांबली आणि कुणी कुरकुर केली नाही, उलट शेवटच्या रविवारी माणसं धुऱ्यावर येऊन बसली. शेवंताबाई टोपली घेऊन आली होती. "जावयाचं संपते म्हनतात आज," ती म्हणाली.

शेवटचा श्लोक लिहिताना मी घाईत होतो, हेही सांगितलं पाहिजे. लोक पाहत होते आणि कंबर दुखत होती.

ऋषीभाऊ चालू लागले. एक पाय, दुसरा ओढलेला, अक्षर. पहिली ओळ संपली, वळले, दुसरी सुरू केली. शेवटच्या शब्दाशी आले आणि थांबले. मला वाटलं, दिसत नाहीये. मी पुढं होऊन सांगायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. वाकले. मान इकडून तिकडून तिरकी करून त्या अक्षराकडे, मग त्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या शेणाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना जे ऐकवलं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उगवलं.

"सर," ते म्हणाले, "अनुस्वार राह्यला."

मी पाहिलं. खरंच राहिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी निवृत्त होऊन वाईला आलो. वही माझ्याकडे आहे, तिची प्रत गावच्या वाचनालयात आहे, आणि ऋषीभाऊ फोनवर अजून वाऱ्याचा निकाल सांगतात. पण माझ्या डोळ्यांपुढे ते येतात ते त्या सकाळचे. सगळं गाव पाहत असताना ते घमेल्याशी लंगडत गेले, अंगठा चुन्यात बुडवला, लंगडत परत आले, आणि खाली बसून त्या अक्षराच्या डोक्यावर एक टिंब नीट दाबून लावलं.